ताटलीत जिंकलेली बुरशी बागेत कधी येणार?

काटोल तालुक्यात माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. झाडं चौदा वर्षांची. गेल्या पावसाळ्यानंतर त्यातल्या एकाच्या बुंध्याला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मधाच्या रंगाचा डिंक ओघळलेला दिसला. मामांनी खुरप्याच्या टोकानं साल खरवडली. आतून ती ओली, पिवळट-हिरवी असायला हवी होती. निघाली तपकिरी, आणि तिला आंबूस वास येत होता. मग त्यांनी आळ्यातली माती उकरली. तंतुमुळं चिमटीत धरून ओढली की वरचं साल सुटून हातात यायचं आणि आत नुसता दोरा उरायचा. झाडावर पानं होती, थोडी पिवळी पडलेली. फळं मात्र नेहमीपेक्षा जास्त लागली होती. जायला निघालेलं झाड पुष्कळदा असं भरभरून फळतं, आणि मामांना ते ठाऊक होतं.

“पोरायले बुरशीचंच शिकवतं ना तू? मंग माह्या झाडाले एखादी पुडी आणून दे ना पोरी,” ते म्हणाले.

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेली काही वर्षं एमएस्सीच्या मुलांबरोबर गुळवेल, अडुळसा, कडुनिंब यांच्या पानांच्या आत राहणाऱ्या बुरश्या वेगळ्या काढते आहे. पिकांवरच्या रोगांना त्या रोखतात का, हे आम्ही पाहतो. कित्येक बुरश्या रोखतातही. तरी मामांच्या हातात ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. देशात या विषयावर दरवर्षी शोधनिबंध निघतात, प्रबंध होतात, परिषदा भरतात, आणि डिंक्यानं, म्हणजे या डिंक ओघळण्याच्या रोगानं, गेलेल्या झाडाच्या मालकाला मात्र त्यातलं काहीच मिळत नाही. ही परिस्थिती बदलता येण्यासारखी आहे. त्यासाठी नव्या बुरश्या शोधण्यावरचा भर कमी करावा लागेल आणि सापडलेल्या बुरश्यांना शेतापर्यंत नेण्यावर सार्वजनिक पैसा खर्च करावा लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ही बुरशी म्हणजे काय ते सांगते. बुरशी म्हटलं की आपल्याला शिळ्या भाकरीवरची किंवा कुजक्या फळावरची आठवते. पण जवळपास प्रत्येक निरोगी झाडाच्या पानात, खोडात, मुळात पेशींच्या मधल्या जागेत सूक्ष्म बुरश्या वस्तीला असतात. झाडाला त्यांच्यामुळे रोग होत नाही. त्यांना एंडोफाइट म्हणतात. हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन डी बारी यांनी १८६६ मध्ये रूढ केला. प्रयोगशाळेत हे काम स्वयंपाकासारखंच हातानं करायचं असतं. अडुळशाचं पान वाहत्या पाण्यात धुवायचं, मिनिटभर ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायचं, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, मग निर्जंतुक पाण्यात दोन-तीनदा खळबळायचं, म्हणजे पानावरचं सगळं मरतं आणि आतलं जिवंत राहतं. शेवटच्या खळबळीचं पाणीही वेगळ्या ताटलीत, म्हणजे पेट्री डिशमध्ये, ओतून ठेवायचं. त्यात काही उगवलं तर धुणं नीट झालं नाही, सगळं पहिल्यापासून. मग पानाचे अर्धा सेंटिमीटरचे तुकडे बटाट्याच्या अर्कात डेक्स्ट्रोज आणि अगर घालून केलेल्या जेलीवर मांडायचे. हे माध्यम शिजवताना सगळ्या प्रयोगशाळेत उकडलेल्या बटाट्याचा वास भरतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तुकड्याच्या कापलेल्या कडेतून कापसासारखा पांढरा धागा बाहेर येतो. ज्या मुलीनं तो पहिल्यांदा पाहिला तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे सामना. ताटलीच्या एका कडेला रोगाची बुरशी, समोरच्या कडेला पानातून काढलेली. आठवडाभरानं दोघींच्या मध्ये रिकामी पट्टी राहिलेली दिसली, की आपल्या बुरशीनं शत्रूला रोखलं. पट्टी मोजायची, टक्केवारी काढायची, तक्ता करायचा. आपल्याकडचं बहुतेक काम इथपर्यंत येतं आणि थांबतं.

या कल्पनेत दम आहे, याविषयी मला शंका नाही. पनामातल्या कोको झाडांवर झालेला प्रयोग मी मुलांना दरवर्षी सांगते, कारण त्यातला शत्रू आपल्या ओळखीचा आहे. २००३ मध्ये एलिझाबेथ अरनॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकोची काही पानं एंडोफाइटविना ठेवली आणि काही पानांत कोकोच्याच झाडांतून काढलेल्या बुरश्या सोडल्या. मग दोन्हींवर फायटोफ्थोरा हा रोगजंतू घातला. आत बुरशी असलेली पानं कितीतरी कमी मेली. आपल्या संत्र्याला डिंक्या आणि मूळकूज होते ती याच फायटोफ्थोराच्या भावंडांमुळे. आपल्याकडचंही उदाहरण आहे. थारच्या वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांजवळ अजित वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक बुरशी सापडली, १९९८ मध्ये तिची नोंद झाली. सेरेंडिपिटा इंडिका या आजच्या नावानं तिच्यावर जगभर काम चालू आहे. ती मुळात शिरते, झाडाची वाढ सुधारते, रोगाला तोंड देण्याची झाडाची ताकद वाढवते. होंडुरासमधल्या दालचिनीच्या फांदीतून निघालेली मस्कोडोर अल्बस तर वायू सोडते, आणि त्या वायूनं शेजारच्या बुरश्या मरतात.

मग नुसती औषधी वनस्पतीच का? इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण याच शब्दावर पुढे बाजार उभा राहणार आहे. औषधी झाडात कडू, तिखट, उग्र रसायनं भरपूर असतात. त्यांच्यात राहून जगणारी बुरशी काहीतरी खास असेल, कदाचित झाडाचीच औषधं तीही बनवत असेल, हा त्यामागचा तर्क. १९९३ मध्ये गॅरी स्ट्रोबेल आणि स्टियर्ले दांपत्यानं पॅसिफिक यू झाडातल्या एका बुरशीत टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध सापडल्याचं जाहीर केलं आणि जगभर एंडोफाइटची लाट आली. पण ते मिळत होतं लीटरमागे काही नॅनोग्रॅम. वीस वर्षांनी त्या बुरशीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा टॅक्सॉल बनवणारी जनुकं त्यात सापडली नाहीत. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या झाडातल्या बुरशीतही भारतीय संशोधकांना २००५ मध्ये कॅम्प्टोथेसिन हा कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारा घटक मिळाला. पण अशा बुरश्या एका नळीतून दुसऱ्या नळीत पुन्हा पुन्हा उतरवत गेलं की ते घटक बनवणं कमी कमी होत जातं, असा अनुभव पुढे अनेकांना आला.

म्हणून मी मुलांना सांगते, झाड औषधी आहे म्हणून त्यातली बुरशी औषधी ठरत नाही. गुळवेल आणि कडुनिंबात शोधायला हरकत नाही, शोधलंच पाहिजे. पण रोगानं उजाड झालेल्या बागेत मधोमध हिरवंगार उभं असलेलं एकटं संत्र्याचं झाडही तितकंच तपासलं पाहिजे. पनामात कामी आली ती कोकोचीच बुरशी. संत्र्याच्या मुळात घर करायला संत्र्याच्या मुळाची सवय असलेली बुरशी जास्त तयार असेल, हा विचार साधा आहे, आणि निबंधाच्या शीर्षकात ‘औषधी’ शब्द हवा म्हणून तो मागे पडतो, याचं मला वाईट वाटतं.

आता ताटली आणि बाग यांतलं अंतर. ताटलीत साखर आहे, बटाट्याचा अर्क आहे, तापमान २५ ते २८ अंश आहे आणि शत्रू एकच आहे. काटोलच्या बागेत विम्लधर्मी काळी माती आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जुलैत तीच माती आठवडाभर वाफशावर येत नाही. चमचाभर मातीत लाखो-कोट्यवधी जिवाणू आणि बुरश्या आधीपासून ठाण मांडून आहेत. ताटलीत भरपूर खाऊन जी बुरशी प्रतिजैविक सोडते ती या मातीत जगेल का, जगली तर ते प्रतिजैविक बनवेल का, मुळात शिरेल का, हे ताटली सांगू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नव्हे. ती बुरशीसारखी वाढते, पण तिचं नातं तपकिरी शैवालांशी आहे. म्हणूनच कार्बेन्डाझिमसारखी नेहमीची बुरशीनाशकं तिच्यावर चालत नाहीत, आणि तरी डिंक्या दिसला की शेतकरी तीच ओततात, कारण दुकानात तीच हाताशी असतात. जी एंडोफाइट ताटलीत फ्युझेरियम या मर रोगाच्या बुरशीला रोखते ती फायटोफ्थोराला रोखेलच असं नाही. ज्या भागाचा जो रोग, त्यावरच चाचणी व्हायला हवी. आपल्याकडे संत्र्याचा डिंक्या आहे, तुरीचा आणि हरभऱ्याचा मर आहे, सोयाबीनची खोडकूज आणि मूळकूज आहे.

नागपूरचा नकाशा समोर ठेवला तर वाईट जास्तच वाटतं, कारण इतकं सगळं एका शहरात क्वचित असतं. अमरावती रस्त्यावर विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, त्याच रस्त्यावर देशाच्या मातीचा नकाशा करणारी संस्था, त्याच रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. वर्धा रस्त्यावर केंद्रीय कापूस संशोधन संस्था. महाराजबागेला लागून १९०६ मध्ये सुरू झालेलं कृषी महाविद्यालय. महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय मुंबई-पुण्यात नाही, आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. उत्तरेला पेंचचं जंगल, पूर्वेला-दक्षिणेला भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीची जंगलं, पश्चिमेला काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीचा संत्रापट्टा. झाड, बुरशी, माती, रोग आणि तज्ज्ञ, सगळे एका दिवसाच्या प्रवासात. या संस्थांत जीव ओतून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. अडचण अशी, की वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी जिथे थांबतो तिथून पुढे काम उचलण्याची जबाबदारी कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. एका महाविद्यालयात एका संशोधक विद्यार्थिनीनं चार वर्षं खपून शंभराहून जास्त बुरश्या काढल्या, त्यातल्या काही फार चांगल्या होत्या. काचेच्या नळ्यांत त्या फ्रिजमध्ये होत्या. तिला पदवी मिळाली, लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात गेली. नळ्यांतल्या बुरश्या दर काही महिन्यांनी नव्या माध्यमावर उतरवाव्या लागतात. तसं करायला माणूस नव्हता, माध्यमाला पैसे नव्हते. एका उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पाहिलं तेव्हा जेली वाळून काचेला चिकटली होती. प्रबंध ग्रंथालयात आहे, त्यातले तक्ते आहेत, छायाचित्रं आहेत. बुरशी नाही. जंगलात पुन्हा जाऊन त्याच झाडाचं पान आणलं तरी तीच बुरशी मिळेल याची खात्री देता येत नाही.

पुण्याच्या आघारकर संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. तिथे बुरशी ठेवायला देता येते. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक प्रबंधासाठी, निबंधात नाव आलेली प्रत्येक उपयोगी बुरशी अशा संग्रहात जमा केल्याची पावती जोडणं सक्तीचं करावं. पावती नसेल तर पदवी थांबवावी. हे कठोर वाटेल, पण ज्या बुरशीवर दुसरा कुणी प्रयोग करूच शकत नाही तिच्याविषयीच्या दाव्याला विज्ञान म्हणायला मन धजत नाही. आणि नागपुरात या पट्ट्यातल्या बुरश्यांसाठी एक छोटी पेढी असावी. खोल गोठवणारं एक यंत्र, शीतशुष्क करणारं एक यंत्र, दोन पगारी माणसं आणि न जाणारी वीज. एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे.

दुसरी मागणी शेतातल्या चाचणीची. संत्रा वर्षायू पीक नाही, एका हंगामात उत्तर मिळत नाही. आंबिया आणि मृग दोन्ही बहार धरून निदान तीन वर्षं हवीत. एका ओळीला बुरशी, एका ओळीला शिफारशीतलं रसायन, एका ओळीला काहीच नाही. तंतुमुळं किती वाढली, मातीत फायटोफ्थोरा किती उरला, किती झाडं गेली, याची नोंद. ज्या ओळीला काहीच दिलं नाही तिथली झाडं मेली तर त्यांची भरपाई शेतकऱ्याला मिळाली पाहिजे. आज ती जोखीम आपण त्याच्याच डोक्यावर टाकतो, आणि मग शेतकरी प्रयोगाला तयार होत नाहीत म्हणून कुरकुर करतो. आणि चाचणी फसली तर तेही छापलं पाहिजे. फसलेल्या प्रयोगाचा निबंध कुणी छापत नाही, म्हणून तोच प्रयोग दुसऱ्या गावात पुन्हा फसतो.

मला विचाराल तर सुरुवात चौदा वर्षांच्या झाडापासून करूच नये. ती रोपवाटिकेत करावी. वरूडकडच्या शेंदुरजना घाटच्या पट्ट्यातून संत्र्याची कलमं गावोगाव जातात. जंबेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधलेलं कलम मातीच्या गोळ्यासकट येतं, आणि माती रोगट असली तर रोग बागेत पहिल्याच दिवशी शिरतो. जंबेरी तर डिंक्याला लवकर बळी पडते. खुंटाचं बी उगवतानाच चांगली बुरशी कोवळ्या मुळात बसवता आली तर पुढे ती झाडाबरोबर वाढण्याची शक्यता जास्त. पिशवीत, गाळलेल्या निर्जंतुक मातीत वाढवलेल्या रोपांवर हे करून पाहणं सोपंही आहे आणि स्वस्तही.

बाजाराकडे मात्र सावधपणे पाहिलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मामांनी एका दुकानातून ट्रायकोडर्माचं पाकीट आणलं. ट्रायकोडर्मा आपल्याकडे नोंदणी झालेली, कामाची बुरशी आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. नियमानुसार एका ग्रॅममध्ये निदान २० लाख जिवंत बीजाणू-वसाहती उगवायला हव्यात. पाकीट एप्रिलपासून टिनाच्या छपराखाली पडून होतं. मी त्यातली पावडर पातळ करून ताटल्यांवर घातली. काही ताटल्या तशाच कोऱ्या राहिल्या, काहींत भलत्याच जिवाणूंचे ओले ठिपके आले, हिरवी ट्रायकोडर्मा जेमतेम. हिशेब नियमाच्या जवळपासही जात नव्हता. मामांनी ती पावडर शेणखतात मिसळून घातली होती, आणि “जैविक काही चालत नाही” असं त्यांचं मत तेव्हा पक्कं झालं. त्यांना दोष कसा देऊ? जिवंत वस्तू विकायची तर ती जिवंत आहे की नाही हे तपासण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी हवी. ती नसताना उद्या ‘वनौषधीतली बुरशी’ म्हणून आकर्षक पाकिटं आली तर त्यांचंही असंच होईल.

सुरक्षिततेचा प्रश्नही गंभीर आहे, आणि ‘नैसर्गिक आहे, काय बिघडतंय’ हे उत्तर मला मान्य नाही. निरोगी पानांतून सर्रास निघणाऱ्या बुरश्यांत कोलेटोट्रायकम असते, फ्युझेरियम असते, अल्टरनेरिया असते. अडुळशात गुपचूप राहणारी कोलेटोट्रायकम संत्र्यावर रोग करू शकते. संत्र्याच्या फळगळीतही याच वंशाचा हात असतो. अमेरिकेत फेस्क्यू नावाच्या गवतात राहणारी बुरशी गवताला बळ देते, पण तिच्या विषानं गुरं आजारी पडतात. न्यूझीलंडनं यातून मार्ग काढला. तिथल्या शास्त्रज्ञांनी रायग्रासच्या आतल्या बुरश्यांतून कीड रोखणारे पण मेंढ्यांना फारसे न बाधणारे प्रकार निवडले, आणि शेतकरी ते बियाण्यातूनच पेरतात. त्यामागे अनेक वर्षांची सार्वजनिक गुंतवणूक आहे. आपल्या कीटकनाशक कायद्यात, १९६८ च्या, प्रत्येक सूक्ष्मजीवाची परिणामकारकता आणि विषारीपणा तपासून नोंदणी करावी लागते. ती अट सैल करावी असं मी म्हणणार नाही. ते तपासण्याचा खर्च एकट्या विद्यापीठाला झेपत नाही, तो सरकारनं उचलावा असं म्हणेन.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर मला यवतमाळ आठवतं. २०१७ च्या पावसाळ्याअखेर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, बुरशीनाशकं नव्हेत, हे मला माहीत आहे. पण पाठीवर पंप घेऊन कापसात शिरणारा माणूस तोच असतो. त्याच्या अंगावर पडणारं विष कुठल्याही बाजूनं थोडं कमी होणार असेल तर त्या बाजूनं जोर लावायला हवा.

आणि बुरशी कुणाची? गडचिरोलीच्या जंगलातून आणलेल्या पानात ती सापडली, तर तिच्यावर त्या गावाचाही हक्क आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधनाच्या व्याख्येत सूक्ष्मजीवही येतात, हे आमच्या क्षेत्रातल्या अनेकांना ठाऊक नसतं. कडुनिंबाच्या तेलानं पिकांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळालं होतं. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि इतरांनी त्याविरुद्ध लढा दिला. २००० मध्ये ते रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. तिथे भारतीय शेतकऱ्यांचा जुना वापर पुरावा म्हणून उभा राहिला. पानाच्या आतल्या बुरशीचा असा कुठलाही जुना पुरावा आपल्याकडे नसणार, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून झाड कुठलं, गाव कुठलं, पान कुणी दाखवलं, ही नोंद पहिल्याच दिवशी वहीत हवी, आणि गावाच्या जैवविविधता समितीला तिची प्रत हवी. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत आता हा रकाना आहे.

या वेळी मामांना मी जे सांगितलं ते जुनंच होतं. बुंध्याला पाणी लागू देऊ नका, दुहेरी आळं करा, सडलेली साल खरवडून पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम लावा, बागेत चर काढून पाणी बाहेर काढा. पाणी साचणाऱ्या आळ्यात कुठलीही बुरशी झाड वाचवणार नाही. ते झाड गेलंच. पण त्यांनी बागेच्या टोकाच्या दोन ओळी मोकळ्या केल्या आहेत. तिथे येत्या पावसाळ्यात नवी कलमं लावायची आहेत, अर्धी साधी, अर्धी त्यांच्याच बागेतल्या एका दणकट झाडाच्या मुळातून काढलेल्या बुरशीवर वाढवलेली. ती बुरशी सध्या चार नळ्यांत आहे. दोन आमच्या फ्रिजमध्ये, दोन पुण्याला पाठवायच्या डब्यात.